झेंड्यावरचं नाव

वानेस जिंकला, आणि अख्ख्या वेस्टकाउटर गावात एकट्या सोलेनला त्याचा आनंद झाला नाही.

कॅफेच्या मागच्या स्वयंपाकघरात ती बटाट्याच्या कापांची जाळी तेलातून वर काढत होती. भिंतीपलीकडच्या दालनात तीनशे माणसं लांब बाकांवर बसून तिच्या मुलाच्या नावाने टेबलं बडवत होती. नोव्हेंबरातल्या या रविवारी दरवर्षी असंच असायचं. दुपारी सासऱ्यांच्या कुरणात सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखलातल्या सायकलींची शर्यत, आणि अंधार पडता पडता नणंदेच्या कॅफेत चाहता मंडळाचं जेवण. बियरमध्ये शिजवलेलं गोमांस, बटाट्याचे काप, आणि शेवटी विजेता एकेका टेबलापाशी जाऊन पेला भिडवणार. गेली पन्नास वर्षं हा विजेता बहुतेक वेळा बुइकेन्सांच्या घरातलाच होता. आधी सासरे ओडिलॉन, मग नवरा लीवन, आणि आता मुलगा.

यंदा फरक इतकाच की शर्यतीला एक पाहुणा होता.

त्याला बोलवायची कल्पना ओडिलॉनची. स्पेनमधल्या एका संघाला वानेस हवा होता, रस्त्यावरच्या शर्यतींसाठी. करार तयार होता. उन्हाळाभर रस्ता, आणि हिवाळ्यात आठ क्रॉस शर्यतींची मुभा. त्या आठांत गावची शर्यत होती, म्हणजे सगळ्यांचंच समाधान होतं. उद्या सही व्हायची होती. पण ओडिलॉनला आठ हा आकडा अपमानासारखा लागला.

"त्या स्पॅनिश साहेबाला एकदा इथे येऊ दे," ते म्हणाले होते. "माझ्या कुरणात उभा राहू दे तासभर. मग आपण होऊन वीस म्हणेल."

कोणी त्यांना अडवलं नाही. सोलेननेही नाही. क्रॉस डोळ्यांनी बघूनही तो आवडला नाही, असा माणूस या गावात कुणाच्या कल्पनेतच येत नव्हता.

संघाचा व्यवस्थापक ओल्मेदो आला तो पातळ तळव्यांचे बूट घालून. सोलेन मूळची फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली आणि त्याला फ्रेंच येत होतं, म्हणून त्याला सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. पहिल्याच फेरीत सगळे खेळाडू चढाखाली उतरले आणि सायकली खांद्यावर टाकून चिखलातून वर पळू लागले, तेव्हा त्याने काळजीने विचारलं होतं, "सगळ्यांच्याच बिघडल्या का?"

तिसऱ्या फेरीला वानेस उतारावर हँडलवरून पुढे फेकला गेला. त्या उताराला ओडिलॉनचंच नाव आहे. तो खांद्यावर आपटला, ओल्मेदोच्या बुटांपासून चार-पाच हातांवर. हनुवटी फुटली. तो उठला, सायकल उचलली, पळाला, आणि सातव्या क्रमांकावरून पुढे येत शर्यत जिंकला. बायका रडल्या. फिर्मिनसारखा मंडळातला जुना माणूस टोपी हवेत उडवून ती परत घ्यायला विसरून गेला. ओडिलॉनने, ऐंशी वर्षांच्या माणसाने, ओल्मेदोला मिठी मारली.

ओल्मेदोचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तो हळू आवाजात सोलेनला म्हणाला, "बाई, असं काही मी आयुष्यात पाहिलं नाही. आणि पुन्हा बघायचंही नाही. मी या मुलाला फ्रान्सच्या टूर शर्यतीसाठी घेतोय, हाडं सांधायला नाही. आठ नाही, एकही नाही. नवा कागद आज पाठवतो. उद्या दुपारपर्यंत सही आली नाही, तर मी डेन्मार्कचा मुलगा घेतो."

"काय म्हणतोय?" ओडिलॉनने विचारलं. त्यांच्या भुवयांवर चिखलाचे ठिपके होते आणि डोळे ओले होते.

"म्हणतात, असं काही आयुष्यात पाहिलं नाही," सोलेन म्हणाली.

ओल्मेदो शर्यतीनंतर लगेच निघून गेला होता. आता भिंतीपलीकडे ध्वनिक्षेपक खरखरला आणि सासऱ्यांचा आवाज आला. "मंडळी! स्पेनचे साहेब काय म्हणाले माहितीये? आयुष्यात असं काही पाहिलं नाही! मग मी तुम्हाला शब्द देतो. माझा नातू उन्हाळ्यात कुठेही जाऊ दे, दर हिवाळ्यात तुम्हाला याच कुरणात दिसेल. माझे डोळे मिटल्यावरसुद्धा!"

टेबलं अशी बडवली गेली की शेल्फवरचे पेले किणकिणले. सोलेनने जाळी पुन्हा तेलात सोडली. काप केव्हाच झाले होते.

*

लीवन मागच्या दाराने आत आला तेव्हा त्याच्या बोटांच्या पेरांत चिखल होता. शर्यतीत तो कुरणाच्या मधोमध, सायकली बदलायच्या जागी उभा असतो. एका फेरीत सायकलीला दोन किलो चिखल चिकटतो. मुलगा अर्ध्या फेरीला येतो, घाणेरडी सायकल टाकतो, बापाच्या हातातली धुतलेली घेऊन जातो, आणि पुढच्या अर्ध्या फेरीत बाप टाकलेली धुऊन तयार ठेवतो. लीवनचे वडील त्याच्यासाठी असेच उभे राहत. गेली आठ वर्षं तो वानेससाठी उभा राहत होता, आणि एकदाही सायकल द्यायला उशीर झाला नव्हता.

आत सगळे होते. वानेस भांड्यांच्या टेबलावर बसला होता आणि योरीन, त्याची धाकटी बहीण, त्याच्या हनुवटीवर पट्टी चिकटवत होती. वेर्ला ताटं मांडत होती. कॅफे तिचं आणि चाहता मंडळाची अध्यक्षही तीच. सोलेन गॅस बंद करून उभी होती आणि तिने ओल्मेदोचं सगळं वाक्य नुकतंच सांगून टाकलं होतं.

"एकही नाही?" वेर्ला म्हणाली. "वहिनी, तू त्याला बियर तरी नीट पाजलीस का?"

"दोन घोट घेतले आणि विचारलं, पाणी आहे का."

"मग बरोबर आहे. तिथेच ओळखायला हवं होतं."

"आत्या," वानेस म्हणाला, "परवापर्यंत तूच म्हणत होतीस, सही कर."

"परवा आठ होत्या. आठ शर्यतींना मी बस भरते, कॅफे भरतं, मंडळ टिकतं. शून्याला मी काय भरू? स्पेनला बस नेऊ?" तिने ताट आपटलं. "आणि कशासाठी? इथे पोरं तुझं चित्र दप्तरावर लावतात. तिथे तू दुसऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या वाहणार."

"पहिली दोन वर्षं वाहीन."

"ऐकलंत? वाहीन म्हणतो."

वानेसने पट्टी चाचपली. तो भांडायच्या सुरात बोलत नव्हता. लीवनला तेच जास्त खुपलं.

"गेल्या डिसेंबरात त्यांच्या सरावाला गेलो होतो ना मी? जेवताना फोनवर क्रॉस बघत होतो. शेजारचा मुलगा डोकावला. म्हणाला, हे कुठलं सैन्य? मी म्हटलं, हा माझा खेळ आहे, एकोणीस वर्षांखालच्यांत मी याचा जगज्जेता आहे. तो म्हणाला, कशाचा?" वानेस थांबला. "चिडवत नव्हता तो. खरंच विचारत होता."

"अडाणी असेल," वेर्ला म्हणाली.

"आमच्याकडे ब्रिटनीतसुद्धा असंच आहे," सोलेन म्हणाली. "तिथे क्रॉस म्हणजे थंडीत पाय गरम ठेवायचा उद्योग. माझा भाऊ अजून विचारतो, भाचा खरी सायकल कधी चालवणार?"

"तुझ्या भावाला आपला चढ एकदा चढायला लाव," लीवन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "आणि तू रे, त्या एका पोराने विचारलं म्हणून बाहेरच्या तीनशे माणसांना सोडणार?"

"तीनशेच आहेत, बाबा."

भिंतीपलीकडे गाणं सुरू झालं होतं.

"इथून गाडीने कुठल्याही दिशेला तीन तास जा," वानेस म्हणाला. "दक्षिणेला, पूर्वेला, कुठेही. तिथे क्रॉस नाही. म्हणजे असतो, पण कोणी बघत नाही. मी इथे देव आहे आणि तीन तासांवर कोणीच नाही. रस्त्याचं तसं नाही. तो सगळीकडे आहे. मला पाच तास सायकल चालवता येते का, तेही मला अजून माहीत नाही. मी आयुष्यभर एक-एक तासच चालवलीय. मला बघायचंय."

सोलेनने नवऱ्याकडे पाहिलं. आता तो मुलाची बाजू घेईल याची तिला खात्री होती. घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी उच्चारत नसे. लीवन बावीस वर्षांचा असताना एका फ्रेंच संघाचा फोन आला होता. तो ओडिलॉनने उचलला, मुलगा शेतात आहे म्हणाले, आणि त्याला असल्या गोष्टींत रस नाही असं सांगून ठेवून दिला.

"सही करू नकोस," लीवन म्हणाला.

"लीवन!"

"तू मध्ये पडू नकोस, सोलेन. तू दुपारीच माझ्या पांना खरं सांगितलं असतंस तर त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला नसता." तो वानेसकडे वळला. "त्यांनी सगळ्या गावासमोर शब्द दिलाय. ऐंशी वर्षांचे आहेत. आता तू बाहेर जाऊन त्यांना खोटं पाडणार?"

"तुमच्या वेळी त्यांनी फोन घेतला. आता ध्वनिक्षेपक घेतला. तुम्हाला सारखेपणा दिसत नाही?"

"मला कळलं तेव्हा तीन आठवडे झाले होते."

"तीन आठवड्यांनी फोन बंद पडला होता का घरातला?"

लीवनने हात ओट्याला टेकवला. हा प्रश्न त्याला तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्याने स्वतःला विचारला होता, पण तिथे उत्तर देणंही त्याच्याच हातात होतं.

"मी राहिलो," तो म्हणाला. "हे कुरण, हा चढ, हे मंडळ मी धरून ठेवलं. दर रविवारी पाण्याचा पाइप घेऊन उभा राहिलो तुझ्यासाठी. आता तू उठून म्हणणार, हे काहीच नव्हतं? मग मी काय मूर्ख होतो?"

वानेस टेबलावरून खाली उतरला.

"हो," योरीन म्हणाली.

ती पट्टीचे कागद गोळा करत होती. मान वर न करता तिने ते कचऱ्याच्या डब्यात टाकले.

*

"जेवण तरी होऊ दे," वेर्ला म्हणत होती. "लोकांच्या तोंडात घास आहे रे. उद्या सांग. फोनवर सांग."

"उद्या सही आहे, आत्या. आणि आजोबांनी सगळ्यांसमोर सांगितलंय."

"मी येते," सोलेन म्हणाली. "चूक माझी आहे. मी त्यांच्याशी खोटं बोलले."

"खोटं नाही बोललीस, अर्धंच बोललीस. या घरात सगळे तेवढंच बोलतात." वानेसने दार ढकललं.

दालनात तो आला तशी माणसं उभी राहिली. त्याला पेला मिळाला, पाठीवर थापा मिळाल्या. मंचावर आजोबा, त्याचे बोंपा, खुर्चीत बसले होते आणि त्यांच्यामागे भिंतीवर मंडळाचा झेंडा होता. हिरवी मखमल, सोनेरी झालर, वर सायकल खांद्यावर घेतलेला माणूस, आणि खाली कापडाच्या पट्टीवर भरतकाम केलेलं त्याचं नाव. लहानपणी त्याला वाटायचं, झेंड्यावरचा माणूस आपणच आहोत.

त्याने ध्वनिक्षेपक घेतला आणि जे होतं ते सांगितलं. लहान वाक्यांत सांगितलं. करार, तीन वर्षं, हिवाळ्यात एकही शर्यत नाही. "मी उद्या सही करणार आहे. बोंपांना हे माहीत नव्हतं. त्यांनी तुम्हाला फसवलेलं नाही."

कुठेतरी काटा ताटलीला लागला. मग फिर्मिनने विचारलं, "मग तिकडे हिवाळ्यात करतात काय?"

"ऊन खातात," मागून कोणीतरी म्हणालं.

लोक हसले. त्याला हे हसू ओळखीचं होतं. शेजारच्या गावचा खेळाडू चिखलात तोंडावर पडला की याच माणसांत ते ऐकू यायचं. त्याच्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं.

ओडिलॉन खुर्चीतून उठले नाहीत. "मी शब्द दिला," ते म्हणाले.

"तो माझा होता, बोंपा."

"तो म्हणाला ना, आयुष्यात पाहिलं नाही?"

"हो. पुन्हा बघायचंही नाही, असंही म्हणाला. मी पडलो ते बघितलं त्याने."

"पण तू उठलास!" म्हातारा कळवळून म्हणाला. "पडलास आणि उठून जिंकलास! हे बघून कोणी असं म्हणेल? तो काय आंधळा आहे?"

"नाही. त्याने फक्त पडताना पाहिलं. बाकीचं तुम्ही पाहिलंत."

ओडिलॉनने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सोलेनकडे पाहिलं. तिने नजर खाली केली नाही. मग त्यांचे ओठ हलले, आणि त्यांनी इतक्या हळू विचारलं की ते फक्त नातवालाच ऐकू आलं.

"मी बोलावलंच नसतं तर?"

"तर आठ," वानेस म्हणाला.

त्याला वाटलं होतं, ते खचतील, आणि आपण त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसू. पण म्हाताऱ्याचा चेहरा कुरणात गोठलेल्या मातीसारखा घट्ट होत गेला. "जा," ते म्हणाले. "पेले भिडव. जिंकलायस ना? पद्धत आहे."

तो फिरला. पद्धत अशी की पेला भिडवताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. न बघणं हा इथे अपमान असतो, तो लहान पोरांनाही कळतो. पहिल्या टेबलावर आठ पेले वर आले आणि आठ जण ताटाकडे बघत राहिले. दुसऱ्या टेबलावरही तसंच. फिर्मिनने, ज्याने त्याला पहिली सायकल रंगवून दिली होती, पेला पुढे केला आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे, खिडकीकडे पाहिलं. वानेसने एकही टेबल सोडलं नाही. शेवटचा पेला भिडवून त्याने तो तिथेच ठेवला, भरलेलाच, आणि पुढच्या दाराने बाहेर पडला. सोलेन एप्रन न सोडताच त्याच्यामागे गेली.

*

"वेर्ला," ओडिलॉन म्हणाले, "झेंडा उतरव."

वेर्ला स्टुलावर चढली. योरीन खालून झेंडा धरायला गेली, कारण दुसरं कोणी उठलं नाही. दोघींनी तो मंचावरच्या टेबलावर पसरला. वेर्लाच्या एप्रनच्या खिशात कात्री होतीच. ही पट्टी तिनेच शिवली होती, त्यामुळे टाके कुठून सुटतात ते तिला माहीत होतं. लोक पुन्हा जेवू लागले होते, पण हळू, माना वळवून.

'वानेस' सुटत आला तशी वेर्ला भाचीकडे बघू लागली. तिच्या मनात काय चाललंय ते योरीनला दोन टाके आधीच कळलं.

"तू कशी चालवतेस हल्ली? बरी चालवतेस ना?"

"गेल्या रविवारी जिंकले."

"हो का?" वेर्ला खरंच चकित झाली. "बोलली नाहीस."

"तुम्ही सगळे तिथेच होतात, आत्या. मंडळाची बस पोचली तेव्हा आमची शर्यत संपली होती."

"अगं, बायकांची फार लवकर असते." वेर्लाने आवाज खाली आणला. तो आता लाडाचा झाला होता. "हे बघ, मंडळ मोडून चालायचं नाही. तुझं नाव छोटं आहे, दोन दिवसांत भरून होईल. गुलाबी दोरा घेऊ का? तू फक्त हो म्हण."

योरीनने झेंड्याकडे पाहिलं. तिला तो हवा होता. किती हवा होता ते या क्षणी समजलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"बस किती वाजता निघणार ते आधी सांग," ती म्हणाली.

वेर्लाने कात्री थांबवली. "म्हणजे?"

"आमची शर्यत दीडला असते. बस बाराच्या आत निघेल का?"

वेर्लाने दालनाकडे पाहिलं. बाक, पेले, फिर्मिन आणि त्याची माणसं. रविवारचं दुपारचं जेवण टाकून ती बारा वाजता बसमध्ये बसतील का, याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट चालू होता. मग तिने मान खाली घातली आणि पुढचा टाका कापला.

योरीनने झेंड्याची कड सोडून दिली.

वानेसची पट्टी निघाली. तिच्याखाली दुसरी होती, 'लीवन'. झाकून राहिल्यामुळे तिचा पिवळा रंग वानेसच्या पट्टीपेक्षा ताजा होता. स्वयंपाकघराच्या दारात लीवन उभा होता. कोणी हाक मारल्यासारखा तो दोन पावलं पुढे आला.

वेर्लाने भावाकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. "पा, हे असू दे का आता? लीवन इथेच आहे. तो कुठे गेला नाही."

लीवन थांबून राहिला.

"आणखी खाली," ओडिलॉन म्हणाले.

"पा."

"खाली जा म्हणतो ना."

ती दुसरी पट्टी तिने घाईने उसवली, वर न बघता, आणि निघाली तशी मागे न वळता हात लांब करून भावाच्या दिशेने धरली. लीवनने ती घेतली. बोटांवरचा चिखल पिवळ्या कापडावर उमटला.

सगळ्यात खाली, मखमलीवरच थेट भरलेलं, वेर्ला आणि लीवनच्या आईच्या हातचं 'ओडिलॉन' हे नाव होतं. लीवनची पट्टी बसल्यापासून त्यावर ऊन पडलं नव्हतं. सोनेरी दोरा काल भरल्यासारखा चमकत होता.

ओडिलॉन खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, टेबलापाशी आले आणि स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

"हे राहू दे," ते म्हणाले. "वर लाव."

वेर्ला स्टुलावर चढली. झेंडा वर गेला तेव्हा फिर्मिनने टेबल बडवलं, मग शेजारच्याने, मग सगळ्या दालनाने.